घटप्रभेकाठचा गेंडा

आमच्या संकेश्वरावरून वाहणारी हिरण्यकेशी पुढे घटप्रभेस मिळते, हे येथील कोणतेही शाळकरी मूल सांगेल. त्या घटप्रभेच्या खोऱ्यात एके काळी गेंडे चरत होते, हे मात्र मुलेच काय, त्यांचे आजोबाही सहसा सांगू शकणार नाहीत. गोकाकनजीक, त्या काळच्या लिखाणात 'चिकदौली' असा उल्लेख असलेल्या गावापाशी, भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याचे अश्मीभूत अवशेष सापडले. त्या नामशेष जातीस दख्खनवरून 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' असे नाव देऊन त्यांनी १८७४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे पाषाणयुगीन हत्यार ओळखून भारतीय प्रागितिहासाचा पाया घालणारे ते हेच फूट. आमच्या मुलखाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला. त्याच्या शीर्षकात या प्रदेशास 'दक्षिण मराठा मुलूख' म्हटले आहे. या नावावरून पुढे जे वाद झाले त्यांत आम्ही येथे शिरत नाही. गेंड्यास हद्द ठाऊक नव्हती.

सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी हा गेंडा आमच्या बालकांच्या गोष्टींत आला नाही. याचे कारण केवळ पाठ्यपुस्तकांच्या अनास्थेत नाही. हाड म्हटले की आपल्या घरांतून 'शिवू नको' हाच शब्द आधी निघतो. तंजावरचे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे आपल्या स्थलांतरित मराठी कुळांचे विद्याभूषण. शरीररचनेच्या अभ्यासासाठी त्यांना सांगाडा हवा होता. परंतु मेलेल्याच्या हाडाचा विटाळ आडवा आला, म्हणून त्यांनी विलायतेहून हस्तिदंती सांगाडा मागविला. हस्तिदंत हा तरी मृत प्राण्याचा दातच. पण कोरीव आणि शुभ्र, म्हणून तो चालला! राजांच्या जिज्ञासेस आम्ही वंदन करतो. मात्र एवढ्या मोठ्या जिज्ञासेलाही वळसा घालावा लागला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या विटाळाचा भार कोणावर पडला, हे जुनी महसुली दप्तरे चाळणाऱ्यास ठाऊक असते. 'हाडकी हाडोळा' या नावाने नोंदलेल्या जमिनी आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिल्या. गावची मेलेली ढोरे ओढण्याच्या मोबदल्यात महार समाजाकडे असलेली ती तुटपुंजी जमीन. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले आणि मृत ढोरे ओढण्याचे काम सोडून देण्यास आपल्या समाजास सांगितले, ते उगीच नव्हे. बैलाचा सांधा कोठे सुटतो, बरगडी कोठे जडलेली असते, हे ज्ञान गावात होते. परंतु ज्यांच्यापाशी ते होते त्यांच्या मुलांना शाळेच्या पडवीबाहेर बसविले जाई, आणि आत बसलेल्यांना त्या ज्ञानाचा स्पर्शही वर्ज्य होता. शास्त्र असे दोन्हीकडून बुडाले.

त्यातही गुराखी पोरांना माळावर गिधाडांनी स्वच्छ केलेला सांगाडा अधूनमधून दिसे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांचा संहार झाला. २००६ साली त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद झाला, पण तोवर माळ सुने झाले होते. आजच्या मुलास सांगाडा दिसतो तो बहुधा चित्रपटातील भुताचा.

वास्तविक पाच-सहा वर्षांचे मूल हाडास भीत नाही. भीती आपण शिकवतो. त्याच्या हाती बैलाचा जबडा द्यावा आणि दात मोजावयास सांगावे. वरच्या बाजूस पुढचे दातच नाहीत, हे त्याचे त्यालाच कळते, आणि मग गाय जिभेने गवत कसे ओढते हे पाहावयास ते आपणहून गोठ्याकडे धावते. बैलाच्या मागल्या पायाचा जो 'उलटा गुडघा' आपण समजतो तो त्याचा घोटा आहे आणि बैल बोटांवर चालतो, हे सांगितले की मुले लगेच वर्गभर चवड्यांवर चालू लागतात. हत्तीच्या सांगाड्यात सोंड नसते. गेंड्याचे शिंगही हाडाचे नाही. ते केस आणि नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे. त्यामुळे गेंड्याच्या कवटीवर शिंगाच्या जागी नुसता खडबडीत उंचवटा उरतो. 'मग शिंग होते हे कशावरून ओळखले?' हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर इतिहास म्हणजे काय हे त्यास निराळे शिकविण्याचे कारण नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे शंख, शिंपले, बिया, खडे अशा परिसरातील वस्तूंनाच बालशिक्षणाची साधने केले. त्याच ओळीत एक स्वच्छ हाड ठेवण्यास खर्च पडत नाही. रत्नागिरीच्या झाडगाव येथील मत्स्यसंग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. आमच्याकडील सहली गणपतीपुळ्यास जातात; वाट थोडी वळविली तर देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत बोटांची हाडे असतात, हे मुलांना दाखविता येईल.

शिक्षकांनी दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. रोगाने मेलेल्या जनावराचे हाड वर्गात आणू नये. काळपुळीचे जंतू वर्षानुवर्षे टिकतात. खाटकाकडून घेतलेले, उकळून निर्मळ केलेले हाडच घ्यावे. आणि वन्य प्राण्याचे हाड, रानात पडलेले सापडले तरी, उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बाळगणे गुन्हा ठरू शकते. ज्या घरांत मांसाहार चालत नाही तेथील पालकांशी आधी बोलावे. सक्ती करू नये. शिंपला चालत असेल तर शिंपल्यापासून आरंभ करावा. तोही एका जीवाने मागे ठेवलेला सांगाडाच आहे.