चेहरे कोठून आले? प्राचीन चिनी व्यक्तिचित्रांविषयी

कन्फ्युशियस किंवा पुराणकालीन यू राजा यांची चित्रे पुस्तकांतून इतक्या सहजपणे छापली जातात की, कोणा चित्रकाराने त्यांना समोर बसवूनच ती रेखाटली असावीत असे वाटू लागते. वस्तुतः कन्फ्युशियसचा मृत्यू इ.स.पू. ४७९ मधला. त्याच्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या प्रतिमांपैकी एक नानचांगजवळ, इ.स.पू. ५९ मध्ये मरण पावलेल्या हायहुनच्या सरदाराच्या थडग्यात सापडली. मधे चार शतकांचे अंतर आहे. मग हे चेहरे आले कोठून?

आमच्या मते, ते ग्रंथांतून आले. ही चित्रे म्हणजे ग्रंथांवरची रेषांनी लिहिलेली टीकाच होय.

शानतुंग प्रांतातील वू लियांगच्या स्मारकमंदिरात (इ.स. १५१) प्राचीन राजे दगडात कोरलेले आहेत. महापूर आवरणाऱ्या यूच्या हाती खोरे आहे. श्या घराण्याचा शेवटचा जुलमी राजा च्ये दोन स्त्रियांच्या अंगावर बसला आहे. शेजारी नावे कोरली आहेत. ओळख पटते ती नावावरून आणि कृतीवरून. नाकडोळ्यांना तेथे फारसे काम नाही. चित्राकडून काय अपेक्षिले जाई, हे कवी त्साओ चृ (१९२–२३२) याने सांगून ठेवले आहे: सत्शील राजांचे चित्र पाहून आदर वाटावा, राज्य बळकावणाऱ्यांचे पाहून संताप यावा.

शरीरलक्षणेही अशीच आख्यायिकांतून उतरली. लिपीचा जनक मानला गेलेला त्सांग च्ये चित्रांत चार डोळ्यांचा दिसतो. पुढे मिंग काळात वांग ची व त्याचा पुत्र यांनी सिद्ध केलेल्या ‘सान्त्साई तूहुई’ (१६०९) या सचित्र कोशासारख्या ग्रंथांनी असे चेहरे लाकडी ठशांवरून छापले आणि ते रूढ झाले.

प्रत्यक्षाशी जवळीक असलेली एक निराळी परंपराही होती. इ.स.पू. ५१ मध्ये हान सम्राट श्वान याने आपल्या अकरा मान्यवर अमात्यांची चित्रे काढवून घेतली, इ.स. ६४३ मध्ये थांग सम्राट थाइत्सुंगने चोवीस सहकाऱ्यांची चित्रे यान लिबनकडून करवली. समकालीनांची ही चित्रे आणि पुराणपुरुषांची कल्पनाचित्रे एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

या संदर्भात इतिहासकार सीमा चियानची एक नोंद मोलाची वाटते. हान साम्राज्याच्या उभारणीत बुद्धीचा वाटा उचलणारा चांग लियांग धिप्पाड असावा, असा त्याचा ग्रह होता. चित्र पाहिले तर चेहरा स्त्रीसारखा नाजूक! रूपावरून माणसाची पारख करताना आपण एका शिष्याबाबत चुकलो, या कन्फ्युशियसच्या कबुलीची त्याला तेथे आठवण झाली. पराक्रम वाचून मनात चेहरा घडतो, हे त्याने स्वतःच्याच उदाहरणाने दाखवून दिले. बहुतेक चित्रकारांनी तो मनातला चेहराच कागदावर उतरवला.

म्हणून अध्यापनात अशी चित्रे वापरताना व्यक्तीच्या काळाबरोबर चित्राचा काळही सांगितला जावा. मिंग काळातले कन्फ्युशियसचे चित्र मिंग काळाने कन्फ्युशियस कसा वाचला, याचा उत्तम पुरावा आहे. आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो पुरावा कमी मोलाचा नाही.