घाटग्यांचे नाव

मंडळी, शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, हा मजकूर आपल्या नातेवाइकांच्या गटात वर्षातून दोनदा तरी येतोच. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, त्यातली विमाने उडूच शकणार नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले. ज्यांचे विमान खरोखर उडाले, त्या मराठी माणसाचे नाव मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

ते डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूरकडचा. पुढे जर्मनीत ग्योटिंगनला गेले, ते थेट लुडविग प्रांटल यांचे विद्यार्थी म्हणून.

प्रांटल यांनी १९०४ साली सांगितले होते, की पंखालगत हवेचा एक पातळ थर असतो आणि हवेचे घर्षण तिथेच ठरते. उदबत्तीचा धूर पाहा. आधी सरळ रेघ, मग वेटोळी. पंखावरचा थर त्या रेघेसारखा शिस्तीत राहिला तर घर्षण कमी, इंधनही कमी. आवाजाच्या वेगापलीकडे ही शिस्त राखणे फार अवघड. मागे कललेल्या पंखाच्या पुढच्या कडेपाशीच आडवे प्रवाह उठून ती मोडतात. अमेरिकेच्या नासाने १९९५-९६ साली एफ-१६ एक्सएल विमानाच्या पंखावर टायटॅनियमचा पत्रा चढवला, त्याला लेसरने सुमारे एक कोटी सूक्ष्म छिद्रे पाडली आणि त्यांतून तो थर थोडा थोडा आत ओढून घेतला. एवढा खटाटोप प्रांटल यांच्या त्या पातळ थरासाठी!

घाटगे मायदेशी परतले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या देखरेखीखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झाले. ते १९५१ साली उडाले आणि आपले वैमानिक त्यावर शिकले. तिथेच जर्मन कुर्ट टँक यांनी आखलेले ‘मरुत’ १९६१ साली उडाले. आवाजाच्या दुप्पट वेगाचे स्वप्न होते, पण जोगते इंजिन मिळाले नाही. हेही इतिहासात लिहायचे असते.

आमच्याकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. तिथे आकडा चुकला तर गोष्ट सांगून भागत नाही. अभिमानाचेही तसेच असावे. तेव्हा चौपाटीचा मजकूर पुन्हा आला, की भांडू नका. उत्तरादाखल घाटग्यांचे नाव पाठवा.