मुलींचे खेळ आणि त्यांच्या शरीराची काळजी

स्त्रीचें शरीर नाजूक, सबब तिनें धांवूं नये, उड्या मारूं नयेत, हा उपदेश आपल्याकडे व युरोपांतही इतका जुना आहे, कीं तो प्रथम कोणीं केला हें शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. ही काळजी कोणत्या वेळीं जागी होते व कोणत्या वेळीं निजून राहते, तें मात्र पाहण्यासारखें आहे. महाडनजीकचें दासगांव घ्या. सावित्रीच्या खाडीवरचें हें जुनें बंदर. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास डोंगर. अशा गांवीं रानांतून आणावयाचा लांकूडफाट्याचा भारा, चढणीवरून आणावयाचा पाण्याचा हंडा आणि भर पावसांत कमरेंत वांकून करावयाची भातलावणी हीं कामें पिढ्यान् पिढ्या बायकांच्या वांट्यास आलीं. त्या भाऱ्याखालीं मान व गुडघे झिजतात म्हणून कोणा शास्त्र्यानें हरकत घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तीच मुलगी सायंकाळीं पदर खोचून हुतुतू खेळूं लागली, म्हणजे मात्र तिच्या प्रकृतीची चिंता साऱ्या आळीला लागे!

याच दासगांवीं २५ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोटीनें उतरले व तेथून पांच मैलांवरील महाडास सत्याग्रह परिषदेसाठीं गेले. चवदार तळें व मनुस्मृतीचें दहन यांमुळें ती परिषद सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्या अखेरीस त्यांनीं स्त्रियांपुढें जें निराळें भाषण केलें, त्याची आठवण थोड्यांस असते. लुगडें कसें नेसावें आणि हातापायांतले ते ढीगभर दागिने कां टाकून द्यावे, हें त्यांनीं त्यांत सांगितलें. हेतु आरोग्याचा नव्हता. अस्पृश्यतेची खूण अंगावरून उतरावी हा होता. तथापि स्त्रीच्या देहावरचें ओझें रूढीनें चढविलेलें असतें, निसर्गानें नव्हे, ही गोष्ट तेथें उघड बोलली गेली, आणि आमच्या विषयाशीं तिचा संबंध आहे तो एवढाच.

कारण त्या परिषदेस आठ महिने पुरते लोटले नाहींत, तोंच ऑगस्ट १९२८ मध्यें ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक मैदानावर नेमका याच्या उलट प्रकार घडला. स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्यें प्रथमच होत होती. अंतिम फेरींत नऊजणी धांवल्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटें १६.८ सेकंदांत पहिली आली, जपानची हितोमी किनुए दुसरी. शर्यत संपल्यावर कांहींजणी दमून गवतावर आडव्या झाल्या. पुरुष धांवपटू असा आडवा झाला, तर त्यास पराक्रम म्हणतात. येथें मात्र वर्तमानपत्रांनीं बायका मूर्च्छित पडल्याचीं भयंकर वर्णनें छापलीं. वस्तुतः नऊच्या नऊजणींनीं शर्यत पुरी केली होती. परंतु वर्णनें खरीं ठरलीं आणि ती शर्यत पुढें १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत स्त्रियांस बंद राहिली. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालीं आली. अडथळ्यांची तीन हजार मीटरची शर्यत तर २००८ सालीं. याच शर्यतीच्या अंतिम फेरींत २०१६ सालीं रिओ येथें सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्याची ललिता बाबर धांवली व दहावी आली. जी शर्यत आठ वर्षांपूर्वींपर्यंत स्त्रियांसाठीं नव्हतीच, तींत दुष्काळी मुलखांतील मुलगी जगांत दहावी येते, यावरून त्या जुन्या वैद्यकाची किंमत कळून यावी.

हुतुतूची कथा आम्हांस अधिक जवळची. कबड्डी या नांवानें त्याची स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून होऊं लागली. आशियाई क्रीडास्पर्धेंत स्त्रियांस २०१० मध्यें प्रवेश मिळाला. २०१२ सालीं पाटण्याचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ व सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या होत्या. पण मधल्या काळांत खेळ मातींतून मॅटवर गेला. मातींत पाय थोडा घसरतो. मॅटवर बूट धरून बसतो आणि वरचें शरीर मात्र वळतें. तो पीळ गुडघ्यानें सोसावयाचा.

गुडघ्याच्या आंत मांडीचें हाड व नडगी यांस जखडून ठेवणारा एक दोरीसारखा अस्थिबंध असतो. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत तो तुटण्याचें प्रमाण पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतें; आणि पुष्कळदां तो तुटतो कोणाचा धक्का न लागतां, उडीवरून उतरतांना वा एकदम वळतांना. कमरेची ठेवण बदलतां येत नाहीं. उतरण्याची रीत बदलतां येते. गुडघा आंत न कलतां पावलाच्या रेषेंत वांकवावा, मांडीच्या मागचे व खुब्याचे स्नायू बळकट करावे, एका पायावर तोल धरण्याचा सराव करावा. खेळापूर्वीं वीसेक मिनिटें, आठवड्यांतून दोन-तीनदां नेमानें हें केल्यास असल्या दुखापती निम्म्याच्या आसपास घटतात, असें अनेक देशांतील प्रयोगांवरून दिसलें आहे. यास यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. शिकविणारा मात्र लागतो.

दुसरी गोष्ट अन्नाची, आणि ती आम्हांस गुडघ्याहून गंभीर वाटते. श्रम वाढले व ताट तेवढेंच राहिलें, म्हणजे शरीर काटकसर करूं लागतें. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडें ठिसूळ होतात, नडगीच्या वा पावलाच्या हाडास बारीक चीर पडते. पाळी थांबली म्हणजे कटकट मिटली, असें मुलींस वाटतें. कित्येक प्रशिक्षकांसही वाटतें. ऑलिंपिक समितीनें २०१४ मध्यें या अवस्थेस स्वतंत्र नांव देऊन ती रोगाची खूण मानली. आपल्या देशांत तर १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के रक्तक्षयी असल्याचें २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत आढळलें. घरांत सर्वांच्या मागून जेवणारी मुलगी उरलेल्या भातावर चढाई करावयास जाते, तेव्हां तिचा दम कमी कां पडतो, हें विचारण्याचें कारण नाहीं.

अलीकडे चांगल्या प्रशिक्षकांच्या वहींत सरावाचे तास, झोंप, दुखणें व पाळीच्या तारखा यांची नोंद असते. ही वही कोंकणांत आणावयाची, तर तींत आणखी एक रकाना आंखावा लागेल: सरावास येण्यापूर्वीं मुलीनें किती हंडे भरले आणि लावणीच्या दिवसांत किती वेळ ती वांकून उभी होती. हेंही श्रमच आहेत, आणि तेच गुडघे ते सोसतात.