शिवी झालेले नाव

बाजारात कुणी फसवले की आपण सहज म्हणतो, “अहो, तो नुसता भामटा आहे!” बोलणारा बोलून जातो. पण भामटा हे आपल्याकडच्या एका जमातीचेही नाव आहे. त्या जमातीचे पोर शेजारी उभे असले, तर त्याला काय वाटावे?

ह्या शिवीला कायद्याचे बळ मिळाले होते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ नंतर इतर प्रांतांतही पसरला. पारधी, कैकाडी, भामटा अशा आपल्याकडच्या जमाती त्यात सापडल्या. चोरी एकाने करावी आणि डाग साऱ्या जमातीला लागावा, असा तो न्याय! पोलिसांच्या दप्तरात नाव, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीवाचून गाव सोडायची बंदी. सोलापुरात तर अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. लोक त्या वसाहतीला ‘सेटलमेंट’ म्हणत.

देश स्वतंत्र झाला, तरी हा कायदा सुटायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. ‘गुन्हेगार जमात’ हा शब्द गेला आणि ‘विमुक्त’ हा आला. विमुक्त म्हणजे बंधनातून सुटलेले. महाराष्ट्राच्या यादीत अशा १४ जाती आहेत. कागद सुधारला खरा, पण जीभ मागेच राहिली. गावात चोरी झाली की आजही पहिले बोट गावाबाहेरच्या पालांकडेच जाते.

लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथेला ‘उचल्या’ हेच नाव दिले. १९८८ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्याने सोसले त्याने तो शब्द उच्चारला, म्हणून ती साक्ष झाली. आपण तोच दुसऱ्याला लावला, तर ती शिवीच.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. सवलतीचा अर्ज भरायचा असेल, तर “अमक्या जातीची मुले उभी राहा” असे वर्गात पुकारू नका. मुलाला नावाने हाक मारून बाजूला बोलवा. आणि आपण साऱ्यांनी लबाडाला लबाडच म्हणावे. त्यासाठी कुणाच्या जमातीचे नाव उसने घ्यायची गरज नाही.