एक्झॅस्परेशन, जेरीस आणणे आणि अहेरीचे १८५८

‘एक्झॅस्परेशन’ या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘वैताग’ म्हणतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘आस्पेर’, म्हणजे खरखरीत. एकच जागा पुन्हा पुन्हा घासली गेली की हुळहुळते, तशी ही मनःस्थिती. शिवाय आपला शब्द चालायलाच हवा, असे ज्याला वाटते, त्याच्याच बाबतीत तो अधिक शोभतो: वर्गापुढचा शिक्षक, कचेरीतला साहेब.

इतिहास लिहिताना ही छटा विसरली की घोटाळा होतो. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी माणसे जमवून राजगड परगण्यावर चाल केली. व्यंकटराव हे दुसरे जमीनदार त्यांना मिळाले. २९ एप्रिलला चिंचगुंडी येथे तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले.

अशा उठावांविषयी ‘त्रासलेल्या आदिवासींचा उद्रेक’ हे शब्द सर्रास लिहिले जातात. मला ते खटकतात. जो फौज उभारतो, मित्र जोडतो, परगणा निवडतो, त्याच्यापाशी बेत असतो. त्याच्या राजकारणाला केवळ मनःस्थिती ठरवणे म्हणजे त्याचे कर्तेपण काढून घेणे होय.

एक्झॅस्परेशन हा शब्द इथे वापरायचाच, तर तो डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्यासाठी वापरावा. फौजा पाठवूनही बाबूराव हाती लागेनात. शेवटी त्याला अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकडे वळावे लागले. मराठी याला ‘जेरीस आणणे’ म्हणते. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली. या वाक्प्रचाराची गंमत अशी, की कोणी आणले आणि कोण आले, ही दोन्ही नावे त्याला लागतात. इंग्रजी नाम दोन्ही गाळून खुशाल उभे राहते. ‘बाबूरावांनी क्रिक्टनला जेरीस आणले’ या वाक्यात निदान कर्ता जागेवर आहे.

लक्ष्मीबाईंच्या माणसांनी सप्टेंबरात बाबूरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून बंडखोरांच्या जप्त जमीनदारीतील गावे मिळाली. त्यांच्यासाठी वैताग, त्रागा, जेरीस येणे, यांपैकी काहीच लागू पडत नाही. ‘हिशेब’ हा साधा शब्द पुरतो.