बायको चित्रं काढायची, नवरा रंग तयार करायचा! ३५० वर्षांपूर्वी कुंचल्यावर घर चालवणारी मेरी बील

बायको कमावते आणि नवरा तिच्या कामात हातभार लावतो, हे आजही अनेकांच्या पचनी पडत नाही. पण सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये एका घराचा गाडा असाच चालत होता. त्या घरातली कमावती व्यक्ती होती चित्रकार मेरी बील.

मेरीचा जन्म १६३३ सालचा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला. वडील धर्मगुरू होते आणि हौसेने चित्रंही काढायचे. १६५२ मध्ये तिचं चार्ल्स बीलशी लग्न झालं. तो पेटंट कचेरीत नोकरीला होता. मेरी तेव्हा हौस म्हणून ओळखीच्यांची चित्रं रंगवायची.

पुढे चार्ल्सची नोकरी गेली. त्यातच १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ आली. बील कुटुंब हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात राहायला गेलं.

१६७० मध्ये ते लंडनला परतले आणि मेरीने पॅल मॅल भागात स्वतःचा स्टुडिओ थाटला. चेहऱ्याच्या चित्राचे ५ पौंड, कमरेपर्यंतच्या चित्राचे १० पौंड, असा तिचा दर होता. चार्ल्स रंग तयार करायचा, कॅनव्हासला अस्तर द्यायचा आणि पै-पैचा हिशोब वहीत लिहून ठेवायचा. दोन्ही मुलंही मदतीला असायची. या वह्यांमधूनच कळतं, की १६७७ या एका वर्षात तिच्याकडे ८३ चित्रांचं काम आलं आणि ४२९ पौंडांची कमाई झाली. मिळकतीतला सुमारे दहावा हिस्सा हे कुटुंब दानधर्मासाठी बाजूला काढायचं.

गंमत म्हणजे, तेव्हाच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीच्या कमाईवर हक्क नवऱ्याचा असे. कागदोपत्री पैसा चार्ल्सचा, पण वहीत नोंद मात्र मेरीच्या कष्टांची!

राजदरबारातला नामांकित चित्रकार पीटर लेली याने तिला आपलं काम जवळून पाहू दिलं होतं. त्याच्या चित्रांच्या नकलांनाही तिच्याकडे मागणी होती. १६८० मध्ये लेली वारला, हळूहळू लोकांची आवड बदलली आणि मेरीची कामं कमी झाली. तरीही तिने कुंचला खाली ठेवला नाही. १६९९ मध्ये तिचं निधन झालं.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत मेरीने काढलेलं स्वतःचं चित्र आहे. त्यात मागे भिंतीवर रंगांची पॅलेट टांगलेली दिसते आणि तिचा हात आहे एका कॅनव्हासवर. त्या कॅनव्हासवर आहेत तिच्या दोन मुलांचे चेहरे. आई आणि चित्रकार, या दोन्ही ओळखी तिने एकाच चौकटीत बसवल्या.