संकल्प एकाचा, संसार दोघांचा : रेव्हरंड टिळकांचा 'देवाचा दरबार'

आयुष्याचा आराखडा आधी कागदावर मांडावा, मग त्याबरहुकूम जगावे, हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. पनवेल-सुकापूरच्या नव्या वसाहतींतून येणारे आमचे विद्यार्थीही तो ऐकूनच वर्गात बसतात. श्रद्धेच्या आधारे असा आराखडा आखून तो अखेरपर्यंत नेऊ पाहणारा माणूस मराठी वाङ्मयात शोधू गेल्यास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडे वळावे लागते. त्यांच्या कवितेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. त्यांच्या संकल्पाची मात्र फारशी झालेली नाही.

टिळकांचे धर्मांतर ही भावनेच्या भरात घडलेली गोष्ट होती, असा एक समज आहे. वस्तुस्थिती निराळी दिसते. ख्रिस्ती धर्माशी परिचय होण्यापूर्वीच त्यांनी स्वतःपुरती धर्मतत्त्वे ठरवली होती : ईश्वर पित्यासारखा आहे, माणसे परस्परांची भावंडे आहेत, आणि या दोन गोष्टींवरील श्रद्धा हेच धर्माचे सार आहे. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. तो वाचताना मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. आधीच तयार असलेल्या आराखड्याला तेथे आधार सापडला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही भारतीय पाळकाच्या हातून. परका धर्म परक्यांच्या हातून घ्यायचा नाही, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या योजनेचा धागा येथेच दिसतो.

यानंतरची बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत गेली. हे मिशन १८१३पासून मुंबई इलाख्यात कार्यरत होते आणि अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र होते. टिळकांनी तेथे अध्यापन केले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांच्या घरात बालकवी ठोमऱ्यांसारखा तरुण कवी राहून गेला. बाहेरून पाहता यात उणे काहीच नव्हते. तथापि पगारी उपदेशकाच्या शब्दाला समाजात किती वजन राहते, हा प्रश्न टिळकांना सोडीत नव्हता. महाराष्ट्राने उपदेश ऐकला तो कीर्तनकाराकडून, फकिराकडून, वारकऱ्याकडून. मिशनचा बंगला आणि महिन्याचे वेतन या गोष्टी त्या परंपरेत बसणाऱ्या नव्हत्या. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी टिळकांची धारणा होती. त्या पुलावरून इतरांनाही आणायचे, तर वेतनाची वाट सोडणे त्यांना भाग वाटले.

१९१७ साली, पंचावन्नच्या घरात असताना, त्यांनी मिशनचा राजीनामा दिला. सातारा हे क्षेत्र निवडले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना पुढे मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात बरोबरीने बसावेत, हा तिचा गाभा होता. म्हणजे ख्रिस्ताचे शिष्यत्व आणि ख्रिस्ती समाजाचे सभासदत्व या दोन गोष्टी टिळकांनी अलग केल्या. ज्या काळात धर्मांतर म्हणजे जात, घर आणि वारसा यांच्याशी काडीमोड, असाच अर्थ होता, त्या काळात ही मांडणी दोन्ही बाजूंना अडचणीची वाटली असल्यास नवल नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. संकल्पाला जेमतेम दोन वर्षे मिळाली. दरबार संस्था म्हणून रुजला नाही. परंतु भारतीय वळणाच्या ख्रिस्तोपासनेचा विचार मात्र पुढे चालू राहिला. टिळकांचे चरित्र १९२३ साली प्रसिद्ध करणाऱ्या जे. सी. विन्स्लो यांनी त्याच्या आदल्याच वर्षी 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापिला होता, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

येथवरचा इतिहास टिळकांच्या बाजूचा झाला. त्याची दुसरी बाजू 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि तिच्यावाचून या संकल्पाचे मोल ठरवता येत नाही. १८९५च्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. तो निर्णय त्यांचा नव्हता. त्याचे परिणाम मात्र त्यांना भोगावे लागले. कित्येक वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळेओवळे त्यांनी पतीच्या आज्ञेने सोडले नाही. जातिभेद माणसाने केला की देवाने, याचा विचार त्यांनी स्वतः केला, उत्तर स्वतः काढले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. दोघे एकाच श्रद्धेपाशी पोचले, पण वाटा दोन होत्या. टिळकांनी आधी तत्त्वे लिहिली आणि मग आयुष्य त्यांना जुळवून घेतले. लक्ष्मीबाईंनी आधी दिवस काढले आणि त्यांतून तत्त्व वेचले.

१९१७चा राजीनामाही याच नजरेने पाहायला हवा. वेतन सोडण्याचा त्याग एकट्याच्या नावावर जमा होतो. चूल मात्र घराची असते. लक्ष्मीबाईंनी पतीच्या उदारपणाच्या आणि विक्षिप्तपणाच्या हकिकती ज्या हसतमुखाने सांगितल्या आहेत, त्या हसण्याखाली हा हिशेब सतत चालू आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही, म्हणून तो हिशेबच नाही, असे समजणारा वाचक 'स्मृतिचित्रे' अर्धीच वाचतो, असे आम्हांस वाटते.

तरीही हा संकल्प वाया गेला असे म्हणवत नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभले आणि सुमारे दहा अध्यायांवर ते थांबले. ज्यांना नियमित शिक्षण कधी मिळाले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली, आणि शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला. ज्या आराखड्यात लक्ष्मीबाईंना आरंभी कोणी विचारले नव्हते, त्यातील सर्वांत मोठे काम त्यांच्या हातून झाले.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच, की टिळकांचे अभंग आणि 'स्मृतिचित्रे' ही पुस्तके एकाच सत्रात, शेजारी ठेवून वाचावीत. आयुष्याचा आराखडा श्रद्धेने आखला, म्हणून तो आखणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचा होत नाही. तो ज्यांच्या जिवावर चालणार, त्यांची संमती त्यात कोठे नोंदवली आहे, हा प्रश्न टिळकांना विचारता येतो. आणि आपापल्या घरातही तो विचारायला हवा.